पोट कसं बिघडलंय ते आधी बघा, काढा मग टाका

पोट बिघडलं म्हटलं की आपल्या कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, काढा घेतलास काय? कुठला काढा हे कुणी विचारतच नाही. काढा म्हणजे आलं, मिरी, दालचिनी, तुळस, वरनं गूळ, झालं काम. सर्दीला तोच, तापाला तोच, मटण अंगावर आलं तरी तोच आणि छातीत आग पडली असली तरी तोच. मला यावर लिहायचंच होतं, कारण आमच्या एकाच घरात दोन तऱ्हेची पोटं आहेत, ह्यांना सुंठेशिवाय उतार पडत नाही आणि मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चहात जरा सुंठ जास्त झाली तरी रात्रभर घशाशी येतं, त्यामुळं आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघांसाठी दोन वेगळी पातेली ठेवतात आणि एकात जे पडतं ते दुसऱ्यात पडत नाही.

२०२० ला हे जास्त लक्षात आलं. कोरोनात आयुष मंत्रालयानं जो काढा सांगितला होता त्यात तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन भाग आणि काळी मिरी एक भाग होती. तो सांगितलेला प्रतिकारशक्तीसाठी, पोटासाठी नव्हे. पण आमच्या गल्लीत तो सगळ्यावरच औषध झाला, सकाळ-संध्याकाळ ग्लास भरून, तेही एप्रिल-मेच्या उन्हात, आणि मिरी अंदाजानं. मग कुणाला तोंड आलं, कुणाला जळजळ, कुणाला लघवीला आग. आत्तींनी तेव्हाच सांगितलं होतं, "अगं हे लई उष्ण आहे, तुझ्या मामांना असलं काही देऊ नकोस ह्या दिवसात." मामांना तेव्हा रात्री भिजवलेल्या धन्याचं पाणी चालू होतं.

तर आधी हे समजून घ्या की आयुर्वेदात अजीर्ण एकच नाही. मुख्य तीन प्रकार सांगितलेत, आमाजीर्ण, विदग्धाजीर्ण आणि विष्टब्धाजीर्ण, एकाच्या मागं कफ, दुसऱ्याच्या मागं पित्त, तिसऱ्याच्या मागं वात. नावं अवघड आहेत पण लक्षणं वाचली की घरातला एकेक माणूस डोळ्यासमोर येतो. आमाजीर्णात अंग जड, मळमळ, तोंडाला पाणी सुटतं, आणि ढेकर आला तर जे खाल्लं त्याचाच वास. विदग्धात आंबट नाहीतर धुरकट ढेकर, घशात-छातीत आग, तहान, घाम, कधी गरगरल्यासारखं. विष्टब्धात पोट फुगून टम्म, कळा, गॅस वर पण नाही खाली पण नाही, शौचाला साफ नाही. आणि तिघांवर पहिला उपायसुद्धा वेगळा. आम, म्हणजे न पचता साठलेलं, असेल तर लंघन, म्हणजे एक वेळ जेवणच सोडायचं. विष्टब्ध असेल तर पोट शेकायचं. आता सांगा, तिघांना एकच आलं-मिरीचा काढा कसा चालेल?

जठराग्नी म्हणजे चूल धरली तर विझत आलेल्या चुलीला फुंकर लागते, भडकलेल्या चुलीतनं मात्र लाकूड बाहेर ओढावं लागतं. सुंठ, ओवा, मिरी, पिंपळी, हिंग ही फुंकर. ती पित्ताच्या माणसाला दिली तर जळजळ वाढणारच.

आता मामांचं पातेलं. ह्यात तीनच गोष्टी, धने, जिरं, बडीशेप. परदेशात हल्ली हाच प्रकार सीसीएफ टी म्हणून पाकिटातनं विकतात, आपल्याकडं मिसळणाच्या डब्यातच असतो. धने एक चमचा, बडीशेप एक चमचा, जिरं अर्धा चमचा. जिरं कमी कारण तिघात तेच जरा उष्ण. आत्ती हे खलबत्त्यात नुसतं फोडतात, पूड नाही करत, धन्याचा दाणा दोन फाकी झाला की थांबायचं. दोन कप पाणी वेगळं उकळायचं, चांगलं खळखळलं की गॅस बंद, मग त्यात हे टाकायचं आणि लगेच ताट झाकायचं. दहा मिनिटांनी झाकण काढलं की ताटाच्या खालच्या बाजूला थेंब जमलेले असतात आणि त्या थेंबांनाच बडीशेपेचा वास येतो, आत्ती ते थेंबपण पातेल्यात झटकतात. पाणी फिकट पिवळसर, जरासं हिरव्याकडं झुकलेलं. गाळून कोमट झाल्यावर प्यायचं, साखर नको, फारच वाटलं तर खडीसाखरेचा खडा.

ह्याला शास्त्रात फांट म्हणतात आणि हे फार नीट विचार करून ठेवलेलं आहे. वासाच्या वस्तू उकळायच्या नाहीत. बडीशेप, धने, जिरं, ओवा, पुदिना ह्यांच्यात जो गुण आहे तो बराचसा त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात आहे, तुम्ही पंधरा मिनिटं उघड्या पातेल्यात रटारटा उकळलं तर सगळं स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात उरतं तुरट पाणी. साल, मूळ, सुंठेसारखं वाळकं कंद असेल तर मात्र उकळावं लागतं, तो झाला क्वाथ, म्हणजे खरा काढा. शार्ङ्गधर संहितेत त्याचं माप दिलंय, औषधाच्या सोळापट पाणी घालायचं आणि आटवून आठवा भाग ठेवायचा. म्हणजे आपण घरी जे करतो ते त्या मानानं पातळच, आणि रोजच्या कुरकुरीला पातळच बरं.

आणि तिसरा प्रकार हिम. हा मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात कमी लोक करतात. दोन चमचे धने भरडून पाऊण ग्लास साध्या पाण्यात रात्री भिजवायचे, माठाचं पाणी असलं तर उत्तम, सकाळी हातानं कुस्करून गाळायचं, खडीसाखर विरघळवून प्यायचं. त्याच शार्ङ्गधर संहितेत धन्याचा हिम साखर घालून सकाळी प्यायला सांगितलाय, आतली आग आणि तहान ह्याच्यावर. उकळणं नाही, गॅस नाही. मामांना मिसळ सुटत नाही, रविवारी मिसळ म्हणजे मिसळ, कट परत मागून घेणार, ब्रेड बुडवून खाणार, आणि दुपारनंतर छातीवर हात. त्यांना ह्या हिमानं जेवढा आराम पडतो तेवढा थंड दुधानंही पडत नाही. दूध पिऊन तेवढ्यापुरतं गार वाटतं पण नंतर परत ॲसिड सुटतं हे डॉक्टरपण सांगतात. दुधावरनं आठवलं, रात्री तांबडा-पांढरा हाणून तसंच गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन ग्लासभर दूध मारायची ज्यांना सवय आहे त्यांनी जरा ऐका, मटणावर दूध हा आयुर्वेदात विरुद्ध आहार आहे. दूध संध्याकाळी प्या की निवांत, त्या दिवशी मटण नको एवढंच.

सुंठ पित्ताला नको हे आत्तींच्या मनातलं नाही, जुन्या पाठातच ते आहे आणि मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. धान्यपंचक नावाचा एक काढा आहे, धने, सुंठ, नागरमोथा, वाळा आणि बेलफळाचा गर अशी पाच द्रव्यं, जुलाब आणि आमावर देतात. आणि तिथंच सांगितलंय की जुलाब पित्ताचे असतील तर ह्यातली सुंठ काढून टाका, उरलेल्या चारांचा काढा द्या, त्याला धान्यचतुष्क म्हणतात. बघा, बाकी सगळं तेच, फक्त माणूस बघून एक वस्तू काढली.

आता ह्यांच्या पातेल्याकडं येऊ. ह्यांची तक्रार जास्त करून पावसाळ्यात, आणि फक्त ह्यांचीच नाही, सगळ्या कोल्हापूरची. आखाडात आपल्याकडं टेंबलाईची यात्रा. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन, पी ढबाक वाजवत मंडळं मंगळवार-शुक्रवारी टेकडीवर जातात आणि मग घराघरात, तालमीतालमीत मटणाच्या पंगती. एका घरचं जेवून आलं की दुसरीकडचं बोलावणं असतंच, नाही म्हणता येत नाही, म्हणायचंही नसतं. पुढं श्रावण लागणार म्हणून आधी सगळं उरकून घ्यायचं. आणि ऋतुचर्या वाचली तर वर्षात अग्नी मंद होतो तो नेमका ह्याच दिवसात, वात वाढलेला, हवा कुंद, पाणी गढूळ. हेमंतात, थंडीत, भूक सणसणीत असते, तेव्हा पचलं असतं ते आखाडात पचत नाही. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जड जेवण आपण सगळ्यात अशक्त अग्नीवर टाकतो. यात्रा थोडीच पुढं ढकलता येतीय, मग सुंठ-ओवा इथं खरा उपयोगी, आणि जेवढं मन लावून मटणाचा मसाला वाटतो तेवढंच मन लावून हा काढा केला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

करायचा असा. सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा खलबत्त्यात ठेचायचा, धागे सुटेपर्यंत. पावडर घेऊ नका, ती तळाला बसते आणि शेवटचा घोट तिखटजाळ लागतो. दोन कप पाण्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळायचं. मग गॅस बंद करून अर्धा चमचा ओवा तळहातावर चोळून टाकायचा आणि झाकण. ओव्यात थायमॉल असतं, त्याचाच तो झणझणीत वास आणि त्यानंच पोटातला वारा मोकळा व्हायला मदत होते, म्हणून ओवा उकळायचा नाही, सुंठ उकळायची. एकाच पातेल्यात दोन्ही पण वेळ वेगळी. पाच-सात मिनिटांनी गाळायचं, चिमूटभर पादेलोण, बीपी असेल तर तेही नको. गरम गरम घोट घोट घ्यायचं, अर्धा कप पुरतो. ढेकर आला, वारा सरला की पोटाचा नगारा उतरतो. सोबत पोटाला गरम पाण्याची पिशवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा नाष्टा नाही, भूक लागली की मऊ भात आणि ताक. लंघन केलं नाही तर काढ्यावर काढा ओतून काही उपयोग नाही, ह्या गोष्टीवर मी घरात रोज भांडते.

इथं आणखी एक बारकावा आहे. दीपन आणि पाचन ह्या दोन वेगळ्या गोष्टी धरल्यात. अग्नी पेटवतं पण साठलेला आम पचवत नाही ते दीपन, त्याचं उदाहरण म्हणून बडीशेपच दिलीय. आम पचवतं पण अग्नी वाढवत नाही ते पाचन, उदाहरण नागकेशर. आणि चित्रक दोन्ही करतो. आता चित्रक काय घरी वापरायची वस्तू नाही, फार तीव्र असतो, तो वैद्यांच्याच हातात राहू दे. पण ह्यावरनं एवढं कळतं की जेवणानंतर आपण बडीशेप चघळतो ती बरोबर आहे, मात्र तीन दिवसाचं जड खाणं साठलंय, जिभेवर पांढरा थर आलाय, भूकच नाही, अशा वेळी नुसत्या बडीशेपेच्या पाण्यावर भागत नाही.

बद्धकोष्ठाला ह्यातलं काही फार कामाचं नाही. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, कोमट पाणी, नाहीतर वैद्यांना विचारून त्रिफळा. पोरांच्या पोटात मुरडा येतो त्यावर मुरुडशेंग, ती पिळ पडलेली वाळकी शेंग, सहाणेवर चार वेढे उगाळून देतात, आमच्याकडं अजून डब्यात असते. बाळंतिणीला बाळंतशेपा, त्याचं पाणी तिला द्यायचं म्हणजे बाळाचंही पोट बरं राहतं असं आत्ती मानतात, आणि लहान पोरांच्या ग्राईप वॉटरमध्येही शेपाचं तेल घालतातच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कुठल्याही काढ्यातनं मध द्यायचा नाही, बोटभरसुद्धा नाही, हे लक्षात ठेवा.

गवती चहाचा गड्डा आमच्या न्हाणीच्या मागं आहे, सांडपाण्यावर वाढलेला, पात कापताना बोट चिरतं एवढी धार. आपल्याकडं तो आलं, साखर, दूध घालून चहातच टाकतात आणि पावसात तो चहा लागतोही भारी. पण पोटासाठी घ्यायचा तर दूध-चहापत्ती नको, दोन पाती गाठ मारून गरम पाण्यात टाका, झाका, प्या. हलकं आहे, जेवण जरा जास्त झालं तर छान वाटतं. पुदिन्याचं तसं नाही. पुदिना कळा आणि गॅसला चांगला, आतड्याचा ताण सैल करतो, पण त्यातलं मेंथॉल जठराच्या वरची झडपही सैल करतं, त्यामुळं ज्यांना आंबट पाणी घशाशी येतं त्यांचा त्रास पुदिन्यानं वाढू शकतो. थंडगार लागतो म्हणून तो पित्तावर चांगला असं समजू नका. मामांना म्हणूनच पुदिना नाही.

मामांना ज्येष्ठमधपण नाही, आणि हे नीट वाचा. ज्येष्ठमध गोड, थंड, जळजळीला खरंच गुणकारी, घशाला तर मऊ लागतं. पण त्यात ग्लायसिरायझिन असतं, रोज रोज घेतलं तर बीपी वाढतं आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. मामांना बीपीची गोळी आहे. म्हणजे पित्ताचा विचार केला तर ज्येष्ठमध हवं आणि बीपीचा केला तर नको, मग नकोच. गरोदर बायकांनीपण त्याच्यापासून लांब राहावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आल्या-सुंठेचा काढा रोजचा करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. घरगुती आहे म्हणून काय वाट्टेल तेवढं प्यायचं हे मला अजिबात पटत नाही, जे गुण करतं ते जास्त झालं तर त्रासही देणारच.

आणि काही गोष्टींना काढा नाही म्हणजे नाही. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, उलटीत रक्त, घास गिळताना अडकतोय, वजन आपोआप उतरतंय, जुलाबात रक्त नाहीतर ताप, तर पातेलं खाली ठेवा आणि डॉक्टर गाठा. छातीत दाटून डाव्या हाताला, जबड्याला कळ जाते, दरदरून घाम, त्याला गॅस गॅस म्हणत ओवा चोळत बसू नका, सरळ सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, नाहीतर जवळचं हॉस्पिटल, तेही लगेच. पन्नाशीपुढच्या माणसाला असं पहिल्यांदाच होत असेल तर अजिबात थांबू नका. मी वैद्य नाही, मी घरात रांधणारी बाई आहे, पण हे मी सगळ्यांना ओरडून सांगते.

काढा कधी घ्यायचा हेही विचारतात. जळजळवाला जेवणानंतर तासाभरानं, कोमट किंवा गार, कधीच चटका बसेल असा गरम नाही. जडपणावाला जेवणाच्या आधी पाव-अर्धा तास थोडासा, नाहीतर त्रास सुरू झाल्यावर गरम. दिवाळीच्या आधीची ऑक्टोबर हीट असते तेव्हा पित्त उसळायचाच काळ, आखाडातला सुंठेचा काढा नवरात्रापर्यंत तसाच ओढत नेऊ नका, तेव्हा धन्यावर या. आमच्या आत्ती गणपती उठले की सुंठेची बरणी मागं सारतात आणि धन्याची पुढं घेतात.

सामान आम्ही लक्ष्मीपुरीतनं आणतो, नागरमोथा-वाळा असलं काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. बडीशेप घेताना लांबट, बारीक, फिकट हिरवी घ्या, दाणा चावून बघा, गोड आणि जरा गार लागला पाहिजे, नुसता कोंडा लागला तर जुनी आहे. मुखवासातली साखर लावलेली रंगीत बडीशेप काढ्यात घालू नका. धने अख्खेच घ्या, तयार धनेपूड नको, वास निम्मा गेलेला असतो. आणि सुंठ घेताना पांढरीफेक चकचकीत दिसली तर ती बऱ्याचदा चुन्यात घोळलेली असते, बोटाला पांढरं लागतं. मातकट रंगाची घ्या, मोडून बघा, आत धागे दिसले आणि नाकात वास चढला तर ती चांगली. दुकानदार मोडून देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.